अकरावी चाचणी

सरांनी माझी फाईल टेबलावरून ढकलली. ती लॅबच्या फरशीवर पडली. क्लिप सुटली, पानं पसरली.

"उचला आजीबाई," सर म्हणाले. "आणि सगळीकडे पास लिहून आणा."

वर्गातली पोरं हसली. त्यांच्यादेखत मी गुडघे टेकले. त्रेसष्ट वर्षांचे गुडघे. पानांवर क्रमांक घातलेले होते, म्हणून निदान लावायला वेळ लागला नाही.

बाळांनो, "आजी, डिप्लोमा मिळाला का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. मी म्हटलं, "निकालाला उशीर आहे." ते खोटं होतं. निकाल लागला आहे. काय झालं ते लिहून ठेवते.

निवृत्त झाल्यावर मी इथल्या एका कॉलेजात संगणकाच्या डिप्लोम्याला नाव घातलं, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी चौघांच्या गटानं एक प्रोजेक्ट करायचा असतो. प्रोग्राम करायचा, तो चालवून तपासायचा आणि सगळं लिहून, बांधून द्यायचं. आमच्या गटात हर्षल, त्याचा एक मित्र, अश्विनी आणि मी. विषय होता जवळच्या एका गावच्या आरोग्य उपकेंद्रातली रुग्णांची नोंद. काम झालं की प्रोग्राम उपकेंद्राला भेट द्यायचा, असं कॉलेजनं जाहीर केलं होतं.

पहिल्याच दिवशी हर्षल म्हणाला, "मावशीचं इंग्लिश भारी आहे. रिपोर्ट मावशी लिहीन. बाकीचं आपण पाहून घेऊ."

मला आनंद झाला. खरंच झाला. आठ दिवस रोज सकाळी मी घरून, बोरगाव मेघेहून, ऑटोनं त्या गावी गेले. उपकेंद्रातल्या सिस्टरच्या शेजारी स्टूल टाकून बसले. बाया येतात, काय सांगतात, सिस्टर रजिस्टरात कुठं काय लिहितात, सगळं टिपलं. त्यावरून प्रोग्रामनं काय काय करायला हवं, ते ओळीनं मांडलं.

हर्षलनं प्रोग्राम केलाच नाही. पुण्याच्या चुलतभावाकडून मागवला. कुठल्या तरी खासगी दवाखान्यासाठी केलेला. वरचं नाव तेवढं बदललं.

मी तो माझ्या यादीप्रमाणे तपासायला बसले. पहिल्या दहा चाचण्या बऱ्या गेल्या. अकराव्या चाचणीत मी एका घरातल्या सासू-सुनेची नावं घातली. सासूला साखरेचा आजार. सून पोटुशी. घरात मोबाईल एकच, मुलाचा. त्या गावात बहुतेक घरांत तसंच आहे. मी दोघींसाठी तोच नंबर टाकला. प्रोग्राम माणसाला नंबरावरून ओळखत होता. सुनेची नोंद केली आणि सासू पुसली गेली. तिचं नाव, तिची साखर, तिच्या गोळ्या. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा पुसली गेली.

निकालाच्या रकान्यात मी लिहिलं, नापास.

त्या दिवशी सरांनी फाईल ढकलली ती याच रकान्यासाठी.

मी पानं गोळा करून उभी राहिले. म्हटलं, "सर, हा प्रोग्राम उपकेंद्रात गेला तर बाईच्या गोळ्या बंद होतील."

"मॅडम, हा अभ्यासक्रम आहे, समाजसेवा नाही. त्या रकान्यात पासच लिहायचं असतं. दरवर्षी सगळे लिहितात." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तुम्हाला कशाला पाहिजे डिप्लोमा? पेन्शन खाऊन राह्यल्या न? पण तुमच्या लोकांना सवयच आहे, आयतं मिळायची."

तुमच्या लोकांना. माझे वडील पुलगावच्या कापडगिरणीत होते. आमची वस्ती कोणती, हे आडनावावरून इथं सगळ्यांना कळतं. आयता प्रोग्राम आणला हर्षलनं. त्याचं आडनाव सरांच्या गणगोतातलं. आयतं खाणारी मी.

मी शिकवायचे ती शाळा मला आठवली. वर्षानुवर्षं तपासणीचा इंग्रजी अहवाल मी लिहायचे. सही मुख्याध्यापकांची. पट फुगवलेला असायचा. मला माहीत असायचं. तरी मी सुबक वाक्यं लिहायचे, आणि तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, "इंग्रजी चांगलं आहे हो तुमचं." मी त्यावर खूश व्हायचे. माझा हात त्यांना हवा होता. माझे डोळे नको होते. आणि मी तेवढी वर्षं डोळे मिटून हात दिला. हे मला लॅबमध्ये, त्या पोरांसमोर उभी असताना कळलं.

अहवालाच्या सुरुवातीला एक पान असतं. हे काम आम्ही स्वतः केले असून यातील माहिती खरी आहे. खाली चौघांच्या सह्या. मी म्हटलं, "मी सही करणार नाही."

सर हसले. "एक सही कमी, तर चौघं नापास. सांगा तुमच्या गटाला."

हर्षलनं शिवी दिली. अश्विनी जिन्यापर्यंत मागं आली. शेतकऱ्याची पोर, रोज सायकलनं यायची. "मावशी, चूक आहे हे मले बी समजते. पण नापास झाली तर बाबा घरी बसवतीन मले. करा न सही."

मी म्हटलं, "आठवडा आहे. आपण दोघी मिळून दुरुस्त करू. प्रत्येक माणसाला वेगळा क्रमांक द्यायचा. मी शिकले आहे तेवढं."

"सर पाह्यतीन का ते?"

ती रडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझं नाव खोडलं. गट तिघांचा झाला. अहवाल काळ्या कापडात बांधून आला, वर सोनेरी अक्षरं. तोंडी परीक्षेच्या दिवशी मी तो उघडून पाहिला. वाक्यं सगळी माझी. स्वल्पविरामसुद्धा माझे. अकराव्या ओळीत लिहिलं होतं, पास. खाली तीन सह्या. अश्विनीची तिसरी.

तिघं उत्तीर्ण झाले. माझ्या नावासमोर गैरहजर लिहिलं आहे. मी त्या दिवशी सकाळपासून दाराबाहेर बाकावर होते, मला आत बोलावलंच नाही.

अश्विनीवर माझा राग नाही, असं मी लिहिणार नाही. आहे.

प्रोग्राम उपकेंद्रात बसवला. मी सिस्टरांकडे जाऊन सासू-सुनेची गोष्ट करून दाखवली. त्या म्हणाल्या, "मॅडम, वरून सांगितलंय, आता यातच भरा म्हणून." मी म्हटलं, "रजिस्टर बंद करू नका." त्यांनी मान हलवली. रजिस्टर चालू ठेवतील की नाही, मला माहीत नाही.

माझ्या वहीत प्रत्येक चाचणीची तारीख आहे. पुसल्या गेलेल्या नोंदीचे फोटो आहेत. अर्ज लिहून झाला आहे, मराठीत आणि इंग्रजीत. खाली माझी सही, पूर्ण आडनावासकट. एक प्रत प्राचार्यांना, एक जिल्हा आरोग्य कार्यालयाला. पुढच्या वर्षाचा फॉर्मही भरला आहे. या वेळी गट नको, एकटी करेन, असं त्यावर लिहिलं आहे.

सोमवारी दोन्ही ठिकाणी जाणार आहे. शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय उठणार नाही. बसायला खुर्ची दिली नाही, तर उभी राहीन.