डावा बर्नर हसला

परतवाड्यात कुर्बानभाईंच्या दुकानातून गॅसची शेगडी घ्यायची तर घरचा तवा सोबत न्यावा लागतो. नसेल आणला तर ते गिऱ्हाइकाला परत पाठवतात. तीस वर्षं शेगड्या उघडून आणि बसवून त्यांचं एक मत पक्कं झालं आहे, की शेगडी डोळ्यांनी निवडायची नसते. ती भांड्याने निवडायची, आणि कानाने. तवा ठेवून ते बर्नर पेटवतात, डोळे मिटतात आणि ज्योतीचा आवाज ऐकत बसतात. त्या वेळी दुकानात कोणी बोललेलं त्यांना खपत नाही.

गेल्या माघात भागीरथाबाई आणि त्यांची सून प्राजक्ता असाच तवा घेऊन आल्या. लोखंडी, जाड, दोन्ही हातांनी उचलावा असा. प्राजक्ताचा जीव काचेच्या तीन बर्नरवाल्या शेगडीवर. कुर्बानभाईंनी तिच्यावर तवा ठेवला, शेजारी दुकानातला वरणाचा गंज, म्हणजे उभं पातेलं, ठेवला. दोघांच्या कडा एकमेकांना भिडल्या. इतक्या वजनाखाली, इतक्या आचेत ती काच एक दिवस तडकेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग स्टीलची, पितळी बर्नरची, दोन बर्नरांत वीतभर अंतर असलेली शेगडी काढली. प्राजक्ताला पटली.

भागीरथाबाई मात्र दारातच उभ्या होत्या. त्यांना नवी शेगडी नकोच होती.

आमच्याकडे विस्तव फुरफुरला की तो हसला म्हणतात, आणि हसला की पाहुणा येतो. भागीरथाबाईंचे मालक वामनराव अकोल्याच्या एसटीवर ड्रायव्हर होते. घरी यायची वेळ ठरलेली नसे. पण घरच्या शेगडीचा डावा बर्नर हसला की बाई चहाचं आधण ठेवायच्या, आणि ते उकळायच्या आत वामनरावांच्या चपला अंगणात वाजायच्या.

"माय, ते हसनं नाही," कुर्बानभाई म्हणाले. "जेट झिजला, हवा जास्त घेऊन राहिला. कॉकबी गेला. घरात वास येते ना गॅसचा?"

"चार वर्सं झाले त्याइले जाऊन. अजूनबी हसते ते," बाई म्हणाल्या. "तुमी शेगडी नेली, तं ते घर कसं शोधतीन?"

त्या स्वयंपाकघरात आपण यापुढे काडी ओढणार नाही, असं प्राजक्ताने सांगितलं, तेव्हा कुठे बाई कबूल झाल्या. नवी शेगडी बसली. जुनी भंगारासाठी दुकानात आली आणि नळी काढून वरच्या फळीवर ठेवली गेली.

तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, कुर्बानभाई दुकानात एकटे होते. फळीवरून फुरफुर ऐकू आली. सवयीने त्यांनी डोळे मिटले. डावा बर्नर. मिशीतल्या मिशीत कोणी हसावं तसा. मग त्यांच्या ध्यानात आलं, की त्या शेगडीला नळी नाही, सिलिंडर नाही.

डिझेलचा वास आला. गिऱ्हाइकांच्या बाकाची फळी करकरली, कोणी दमून बसावं तशी. बाकावर कोणी नव्हतं.

पाहुणा आला होता, पण चुकीच्या घरी.

कॉक आणि जेट बाद होते, बर्नर मात्र शाबूत होता. कुर्बानभाईंनी तो उचलला. तो गरम होता. फडक्यात गुंडाळून त्यांनी दुकान बंद केलं आणि स्कूटर काढली. वाटेत स्कूटर मागून जड लागत होती. चढावर तर त्यांना पहिला गिअर टाकावा लागला.

दार भागीरथाबाईंनीच उघडलं. कुर्बानभाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं, जरा वेळ पाहिलं, आणि डोक्यावर पदर घेतला.

"आज लय उशीर केला," त्या म्हणाल्या. मग कुर्बानभाईंना म्हणाल्या, "भाऊ, दोघंबी आत या. चहा ठेवलाच आहे."

आत ओट्यावर तीन कप मांडलेले होते. नव्या शेगडीचा डावा बर्नर काढून कुर्बानभाईंनी तिथे जुना ठेवला. ज्योत निळी आली, सरळ, आणि अगदी चूप. मागे वळून पाहायचं त्यांनी टाळलं.

त्या दिवसाबद्दल कोणी विचारलं तर ते फार बोलत नाहीत. बर्नर बरोबर बसला, एवढंच सांगतात.