वानखडे वकिलांची पांदण

अमरावतीला उतरले तेव्हा सकाळीच ऊन चटकत होतं आणि रात्रभर गाडीत अवघडलेली कंबर सरळ होत नव्हती. सदुसष्टाव्या वर्षी नाशिकहून मी आले होते एका फोटोसाठी. दुसऱ्या दिवशी अकोल्यात वकील संघाची समिती जुन्या नामवंत वकिलांच्या तसबिरी लावणार होती. माझे पहिले सीनियर वानखडे वकील यांचा फोटो मात्र कुणाकडेच नव्हता. त्यांना मूलबाळ नव्हतं. "फोटो नसेल तर नाव गाळावं लागेल," समितीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले होते.

शेवटची आशा होती दर्यापूरजवळच्या खेड्यातल्या सुमनबाईंची. त्या साहेबांच्या जुन्या पक्षकार. दर्यापूरपर्यंत बस मिळाली. स्टँडवर तळलेल्या मिरचीबरोबर आलूबोंडा (बटाटेवडा) खाल्ला आणि जीपमध्ये अंग चोरून बसले.

"सरका ना बाई, आखीन दोघं बसतेत," ड्रायव्हर म्हणाला. दोघं बसलेही.

सुमनबाई ऐंशीच्या घरातल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली धान्याची पोती.

"वकीलसायबाचा फोटो? नाई बा. काहून पायजे?"

मी कारण सांगितलं. त्या उठल्या. "चाला माह्यासंगं."

गावामागून एक पांदण (शेतात जाणारी वाट) निघाली होती. परतीच्या पावसानं काळी माती अजून ओली होती. शंभर पावलांतच माझ्या चपलेचा पट्टा तुटला. चपला हातात घेऊन अनवाणी चालू लागले.

"हे वाट मोठ्या घरानं अडवली होती," सुमनबाई सांगत होत्या. "आमी चार घरचे लोक डोक्यावर कापूस वाहात होतो. सायेब सोता आले, चिखलात उभं राहून वाट मोजली. लय वर्सं लढले, तवा कुठी वाट खुली झाली."

समोरून ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्यानं आम्हाला पाहून तो कडेला घेतला आणि सुमनबाईंना नमस्कार केला.

"त्याच घरचा नातू," त्या म्हणाल्या. "तोबी इथूनच जाते आता."

मला पुढे चालवेना. बाभळीखाली थांबले आणि जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं. "सुमनबाई, तुमचा दावा अर्ध्यावर असताना मी साहेबांना सोडून नाशिकला गेले. या एका वाटेपायी आयुष्य घालवायचं का, असं त्यांना तोंडावर म्हणाले होते. त्यांनी माझ्या हातातली फाइल परत घेतली. त्यानंतर मी एक पत्रसुद्धा लिहिलं नाही."

"ठाव हाये मले. तुमी गेल्यावर तारखेले एकटेच येत. म्या इचारलं, ते पोरगी कुठी गेली? तर म्हने, मोठी वकील व्हायले गेली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तिथंच मातीत बसले. किती वेळ, ते आठवत नाही. घरी आल्यावर त्यांनी भाकर-ठेचा वाढला आणि निघताना स्वतःच्या चपला माझ्या पायांत घातल्या.

अकोल्यात सभागृह भरलेलं होतं. भिंतीवर हार घातलेल्या तसबिरी रांगेत होत्या. मला दोन मिनिटं मिळाली. फोटो मिळाला नाही, असं मी सांगितलं. मग पांदणीचं सांगितलं, ट्रॅक्टरचं सांगितलं, आणि मी साहेबांना काय बोलून निघून गेले होते तेही. अध्यक्षांनी खिशातलं पेन काढलं, यादीत वानखडे साहेबांचं नाव लिहिलं आणि भिंतीवर एक जागा मोकळी ठेवायला सांगितली.

परतीच्या गाडीत डोळे जड झाले होते, पण झोप लागेना; पांदणीतला तो ट्रॅक्टर डोळ्यांपुढून हलत नव्हता. मोठी वकील झाले, असं लोक म्हणतात. मी जिंकलेल्या दाव्यांपैकी एखाद्यात हरलेल्या माणसाचंही भलं झालं होतं का, ते आठवत बसले. भुसावळ आलं, तरी तसा एकही आठवला नाही.