बांधलेला डावा हात

माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा हात चालत नाही, हे ती सहा वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. बाकीचे सगळे तिला डावरी म्हणायचे. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही डोक्यात तिडीक जाते, आणि ती जावीच.

आमचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्या वर्षी ती जन्मली. मी तेव्हा आठ वर्षांची. गुंद गावात आमच्या घरी बाळंतिणीला सव्वा महिना मिळायचा. त्यानंतर आई शेतात आणि बाळ माझ्या कडेवर. अप्पा कुळगीच्या बाजूला लाकूडतोडीवर असायचे, आठवड्यातून एकदा घरी. त्यामुळं त्या पोरीचं अंग मला जेवढं ठाऊक होतं तेवढं आईलासुद्धा नव्हतं. न्हाऊ घालताना डावी मूठ उघडायची, उजवी उघडायची नाही. अंगठा आत घालून घट्ट मिटलेली. तळव्यात घाम साचून वास यायचा, तो मी फडक्याच्या टोकानं पुसायची. सहा-सात महिन्यांची असताना पुढ्यात करवंटी धरली की डावा हात यायचा. मुद्दाम उजवीकडं धरली तरी डावाच हात अंगावरून पलीकडं यायचा. ती रांगली नाही, डाव्या कोपरावर अंग ओढत सरकली. चालायला लागली तेव्हा नुकत्याच सारवलेल्या अंगणात तिची पावलं उमटली. डावं अख्खं, उजव्याचा नुसता चवडा. सारवण खराब झालं म्हणून बोलणी मला बसली. पावलांकडं कुणी बघितलं नाही.

मी सांगितलं नाही असं नाही.

"आई, हिची मूठ उघडत न्हाई."

"उघडंल की. तूबी उशिराच चाललीस."

शेजारणीला दाखवलं तर ती म्हणाली, "डावरी हाय ती. काय बी होत न्हाई." नऊ वर्षांच्या पोरीनं दिवसभर बाळ उचलून फिरावं, पण बाळाविषयी तोंड उघडू नये, असा आमच्याकडचा न्याय होता.

घराचा कारभार अज्जाच्या हातात, म्हणजे अप्पांच्या वडिलांच्या. कुठल्या खाचरात आधी लावणी, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, सगळं तो ठरवायचा. भात पिकायला लागलं की नव्याचा सण. त्या दिवशी शेतातून पहिल्या लोंब्या आणायच्या आणि घरातल्या सगळ्यांत लहान चालत्या मुलानं त्यातली एक देवापुढं ठेवायची, ही आमच्या घरची रीत. बहीण चार वर्षांची होती त्या वर्षी अज्जानं लोंबी तिच्यापुढं धरली. तिनं डाव्या हातानं घेतली. अज्जानं ती काढून घेऊन पुन्हा धरली. पुन्हा डावा हात. भाऊबंद बघत होते. तिसऱ्या वेळी त्यानं तिच्या डाव्या हातावर फटका मारला आणि लोंबी उजव्या मुठीत खुपसली. ती मुठीत राहिली नाही, खाली पडली, आणि मागं सरताना तिचा पाय लोंबीवर पडला.

अज्जा म्हणाला, "उद्यापास्नं हिचा डावा बांदा. डावा बांदला की उजवा आपसूक कामाला लागतोय."

"अज्जा, ती डावरी न्हाई," मी म्हटलं. "तिचा उजवा उघडतच न्हाई."

"तुला कुनी इचारलं?"

आणि बांधायचं काम माझ्याकडंच आलं. जुन्या लुगड्याची पट्टी, मनगटाला वेढा, कमरेमागं गाठ. सकाळी बांधायची, निजताना सोडायची. पहिले काही दिवस तिनं थयथयाट केला. मग गप्प झाली. ताटावर वाकून तोंडानं भात खायला लागली, तर अज्जा म्हणाला पोर हट्टी आहे. आत्ती माहेरपणाला आली, ती म्हणाली आळशी आहे. सगळ्यांना तिचा हट्ट दिसला, आळस दिसला, लाड दिसले. तिला जमत नाही, एवढं एक सोडून सगळं दिसलं. मी गाठ सैल मारायची, एवढाच माझा पराक्रम. अज्जा येताजाता ओढून बघायचा, म्हणून तोही रोज जमायचा नाही. दोन वर्षं हे चाललं. अज्जावर माझा राग आहेच, पण त्याला कळत तरी नव्हतं. मला कळत होतं आणि गाठ मीच मारत होते. गाठ मारणाऱ्या त्या मुलीला मी अजून माफ केलेलं नाही.

मग देवीची लस टोचणारे लोक गावात आले. त्यांच्याबरोबर एक नर्सबाई होती. तिनं "दंड पुढं कर" म्हटल्याबरोबर माझी बहीण पाठ फिरवून उभी राहिली, मी पट्टी सोडावी म्हणून. बाईनं दोन्ही मनगटं हातात घेतली. उजवं सरळ करून बघितलं, उजवी टाच दाबून बघितली. आईला म्हणाली, "हिला बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्या. लवकर न्या."

लवकर म्हणजे आमच्याकडं लावणी झाल्यावर. मग भांगलण, मग कापणी, मग मळणी. मळणी आटोपली तेव्हा अज्जा म्हणाला, "कशाला जायाचं? चालतीया की, खातीया की." त्या दिवसापर्यंत आईनं त्याच्यापुढं कधी मान वर केली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आम्हा दोघींना घेतलं आणि लाकडाच्या लॉरीत चढली. कुणाला विचारलं नाही.

दवाखान्यात मुलांकडून व्यायाम करून घेणारी एक बाई होती. ती एकेक विचारत गेली. मूठ कधीपासून मिटलेली? खेळणं कुठल्या हातानं घ्यायची? रांगली कशी? टाच टेकायची का? आई खाली बघत राहिली. उत्तरं मी दिली, एकही न चुकता. बाईनं लिहायचं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"एवढं लक्षात होतं तर तेव्हाच का नाही आणलंत? वर्षाच्या आतलं मूल डावरं-उजवं नसतं. दोन्ही हात पुढं करतं. एकच हात पुढं येत असेल तर दुसऱ्याकडं बघायचं असतं." मग तिला मनगटावरचा वळ दिसला. "आणि हे काय? चालत होता तो एकच हात, तोही बांधलात?"

आई रडायला लागली. मला रडू आलं नाही. बहीण पाळण्यात असल्यापासून मी हेच सांगत होते, आणि बाईच्या तोंडून आल्यावर त्याची किंमत झाली, ह्याचा इतका संताप आला की मी बाईशीही धड बोलले नाही.

बाईनं शिकवलेलं मी घरी दोन वेळा करून घ्यायची. ऊन पाण्यात हात, एकेक बोट हळूहळू उघडायचं, भिंतीला टेकून टाच खाली दाबायची. वर्षभरानं टाच टेकायला लागली. उजव्या हातानं ताट दाबून धरता यायला लागलं, वाटीची कड पकडता यायला लागली. सुई कधीच धरता आली नाही. आधी आणलं असतं तर, हे बाईनं अर्ध्यावरच सोडलं होतं.

आणि अज्जा? तो येईल त्याला ओसरीवर बसवून सांगायला लागला, "दोन वरसं बांदला, म्हनून सुदारला बगा हात." मी आतून ऐकायची आणि भांडी आपटायची.

एक दिवस बाजारकुणंगहून एक बाई आली. कडेवर दहा महिन्यांची मुलगी. अज्जाची गोष्ट कुणीतरी तिच्या कानावर घातली होती. "माझीबी डावरी हाय," ती म्हणाली. "कापड कसलं घ्यायचं, तेवढं सांगा."

मी बाहेर आले. म्हटलं, "बांधू नको. बेळगावला ने. मी येते संगं." तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अज्जाकडंच बघत होती, आणि अज्जा सांगायला लागला होता, लुगड्याचं मऊ कापड, गाठ कमरंच्या मागं.

मी पुढं झाले. त्या बाळाची उजवी मूठ धरून तिच्या आईच्या हातात दिली. "ही उघडून दाव. मग बांध."

तिनं हसत हसत मूठ उघडायला घेतली. उघडेना. तिनं अंगठा शोधला, तो आत होता. पुन्हा ओढून बघितलं, तशी पोर कळवळली. बाईचं हसू गेलं. मुलीला मांडीवर घेऊन ती तिथंच खाली बसली. अज्जा अजून गाठीचं सांगत होता. ती ऐकत नव्हती.

"लॉरी किती वाजता हाय?" तिनं मला विचारलं.