उघड्या हातांनी कापलेले प्रवाळ

प्रवाळ हा प्राणी आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि चिंचवडच्या घरातली खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी माझ्या गळ्यात पडली. पाहुण्यांना ती बाग वाटे. प्रत्यक्षात तेथे अहोरात्र कत्तल चालू होती. लेदर कोरल हा चामड्याच्या छत्रीसारखा वाढणारा मऊ प्रवाळ. तो पाण्यात विष सोडून शेजाऱ्यांना संपवी. झोआ म्हणजे बटणाएवढ्या तोंडांची दाट वसाहत. ती दगडावर पसरत जाई आणि वाटेत येईल त्याला जिवंत गाडी. छत्री इतकी माजली की तिच्याखाली निम्मी टाकी मरू लागली. कापणे भाग होते. नीट कापले तर प्रत्येक तुकड्याचा नवा प्राणी होतो.

कापण्यासाठी मी माझ्या जुन्या सहकाऱ्याला बोलावले. तो राहायला कासारवाडीला. महाळुंग्याच्या कारखान्यात तो लेथवर होता, मी त्याचा फोरमन. तापलेला लोखंडी कीस उडून त्याचा डावा डोळा गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर त्याने पुढची सगळी नोकरी केली, आणि त्याच्याइतका स्थिर हात आमच्या शॉपमध्ये दुसरा नव्हता.

फिरत्या यंत्रावर हातमोजे घालायचे नाहीत, हा आमच्याकडचा पहिला नियम. ड्रिलमध्ये मोजा अडकून एकाचा हात कोपरापर्यंत गुंडाळला गेलेला आम्ही दोघांनी पाहिला होता. स्पिंडल उलटे फिरवून तो सोडवावा लागला. माणूस ओरडत नव्हता. हाडांचाच आवाज येत होता. त्यानंतर मोजे घातलेला कोणी दिसला, की मी आधी कानाखाली मारी आणि मग कारण सांगे. माझ्या या मित्राला मी दोनदा मारले होते.

त्या रविवारी सकाळी मी टेबलावर रबरी मोजे आणि दोन गॉगल ठेवले. गॉगल त्याने लगेच चढवला. मोजे चिमटीत उचलून तो म्हणाला, "फोरमनसाहेब, दोन खाल्ल्यात तुमच्या हातच्या. तिसरी खायला बोलावलंत काय?"

"इथं काही फिरत नाही," मी म्हणालो.

"तुमचं डोकं फिरलंय ना. म्हातारपणी मासे पाळतोय माणूस."

मी मोजे परत खोक्यात टाकले. लेदर कोरल मी नेहमी उघड्या हातांनी हाताळत आलो होतो, काही झाले नव्हते. झोआचे विष निराळे, अंगात गेले तर माणूसही मारणारे, हे मी वाचलेले होते. तरीही टाकले. माझा नियम त्याच्या तोंडून ऐकताना मला बरे वाटले होते.

टाकीत कापले तर विष सगळ्या पाण्यात पसरते, म्हणून छत्री टाकीच्याच पाण्याने भरलेल्या परातीत घेतली. पाते लागताच ती आवळली, सुरकुतली आणि चिकट लाळ सोडू लागली. त्याने चार सरळ काप घेतले. तुकडे स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन, प्रत्येक तुकडा जाळीखाली दगडावर ठेवून मी वरून रबरबँड लावला. त्या लाळेवर डिंक धरत नाही.

मग झोआचा दगड आला; तिचीही वाढ छाटायची होती. वसाहत सोलताना पात्याखाली तोंडे फुटली आणि एक पिचकारी थेट त्याच्या गॉगलवर आदळली.

"बघा," तो म्हणाला, "माल वाया गेला त्याचा."

काचेआड घाम साचला होता. त्याने गॉगल कपाळावर सरकवला आणि त्याच ओल्या बोटाने डोळा पुसला.

मिनिटभरात तो खुर्चीसकट मागे कोसळला. मी त्याची मानगूट धरून त्याला मोरीत ओढत नेले आणि डोके नळाखाली दाबले. तो पापण्या घट्ट मिटून घेत होता. मी त्या अंगठ्यांनी फाकवल्या. त्याने कोपर मारून माझा ओठ फोडला. मी गुडघा त्याच्या पाठीत रोवला.

"सोड. जळतंय, सोड मला. आंधळा करतोस काय?"

आयुष्यात पहिल्यांदा तो मला अरेतुरे करत होता. मी सोडले नाही. पंधरा मिनिटे पाणी चालू ठेवले. मोरीतून माझे रक्त वाहत होते. मग त्याचे आणि माझे हात साबणाने धुतले, त्याच्या डोळ्यावर ओला रुमाल धरला आणि रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आणखी अर्धा तास डोळा धुतला. बुबुळ भाजले आहे, एवढेच सांगितले आणि डोळ्यावर पट्टी बांधली.

घरी आल्यावर तो दगड उकळत्या पाण्यात टाकावा असे तीव्रतेने वाटले. पण झोआ उकळली की विष वाफेत उतरते, आणि ती वाफ छातीत गेली तर माणूस मरतो. मोजे घालून मी तो ब्लीचच्या बादलीत बुडवला. तोंडे एकेक करून मिटली, मग पांढरी पडली. शेवटचे मिटेपर्यंत मी तेथेच उभा होतो.

तीन आठवडे तो अंधारात होता. पट्टी काढली तेव्हा त्याने दवाखान्यातल्या अक्षरांच्या तक्त्यावरच्या वरच्या चार ओळी वाचल्या. पाचवी वाचता आली नाही.

"चार पुष्कळ झाल्या, साहेब," तो म्हणाला. "खाली काय, बारीकसारीकच असतं."

पाचवी ओळ आजतागायत आलेली नाही. त्याने स्कूटर विकली. रविवारी मी कासारवाडीला जाऊन त्याला घेऊन येतो. रस्ता ओलांडताना तो माझा दंड धरतो. चूक माझी होती, हे मी त्याला एकदाच सांगितले. तो म्हणाला, "पुढं गाडी येतेय का, ते सांगा."