कोरडी काठी

मी पोचलो तेव्हा शिकाऊ विमान हरभऱ्याच्या शेतात नाक खुपसून पडलं होतं. प्रशिक्षक आणि त्यांची विद्यार्थिनी बांधावर बसले होते, खरचटलेले. उड्डाणापूर्वी टाकीत काठी बुडवून इंधन पाहतात. ते दुसऱ्याने पाहिलं असेल, असं दोघांनाही वाटलं होतं. विश्वास असला की अशी कामं राहून जातात.

शेतमालकाने बिडी काढताच कोणीतरी ओरडलं, "नाना, काडी नका ओढू! भडका उडंल!"

"टाकीत थेंब असता, तर तुमच्या हरभऱ्यात कशाला आलो असतो, नाना?" प्रशिक्षक म्हणाले.

सगळे हसले. इंधन नव्हतं म्हणून विमान पडलं, आणि नव्हतं म्हणूनच पेटलं नाही.

विद्यार्थिनी हसली नाही. पंखावर चढून तिने टाकीत काठी घातली, काढली आणि प्रशिक्षकांसमोर धरली. त्यांनीही कोरडं टोक बोटांनी चाचपून पाहिलं.