जोत्यावरचा मांडव

फोन आला तेव्हा मी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते. सकाळचे दहा वाजले असतील. पलीकडून शुभा, माझी धाकटी भावजय, "वन्स, हे कामार पडले वो..." एवढंच म्हणाली आणि मी तोंड सोडलं. "शिडयेवरसून ना? शंभरदा सांगलंय मेल्याक, शिडी धरूक कोणाक तरी घेवन जा म्हणान! दी त्याच्याकडे फोन!" दत्ता, माझा पाठचा भाऊ, मालवणात वायरमनची कामं करायचा आणि शिडी हा आमच्या भांडणाचा ठरलेला विषय. मी बोलत राहिले, शुभा ऐकत राहिली. मग ती अगदी हळू म्हणाली, "वन्स, ते आता बोलूचे नाय." शिडीवरून पडला नव्हता तो. कुणाच्या तरी नव्या घराचं काम संपवून पायरीवर बसला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेला. त्रेपन्न वर्षांचा माणूस! साधा ताप कधी आला नाही. मी ज्याला शिव्या घालत होते तो तेव्हा या जगात नव्हता, हे मला आज पाच आठवड्यांनंतरही पचत नाही.

शिरोड्याहून मालवणला पोचले ती कोकमाने लाल झालेल्या हातांनीच. धुवायचं सुचलंच नाही. गाडीत बसून मी काय विचार करत होते सांगू? पोचल्यावर त्याला काय काय सुनवायचं, याचा. खरंच. डोकं असं फिरतं माणसाचं.

पण खरा धक्का पुढेच होता. दत्ता बावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. घरमालकीण दारात उभी, डोळ्यांना पदर लावलेला. शुभाचा हात धरून म्हणाली, "बाय, वायट वाटान घेव नको. वर माझी सून पोटुशी आसा, दिवस भरलेले. तेंका हंय घरात नको हाडू. दिवोय हंय नको लावू." तिचंही काय चुकलं? आपली सून असती तर आपण काय केलं असतं? पण गावातल्या निम्म्या घरांत ज्याने उजेड केला, त्याला तासभर टेकवायला जमिनीचा तुकडा नव्हता. तेव्हा प्राची, त्याची एकुलती एक मुलगी, म्हणाली, "बाबाक जोत्यार न्हेया."

ते जोतं म्हणजे काय, ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर मला माझंच नाक कापून घ्यावं लागेल.

गावाबाहेर काजूच्या बागेला लागून दत्ताने दोन गुंठे जागा घेतली होती. तीन वर्षांपूर्वी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं जोतं झालं, तीन पायऱ्या झाल्या. फणसाच्या लाकडाचा उंबरठासुद्धा सुताराकडून करून आणला. भिंतींचे चिरे सांगून झाले होते. जोत्यावर त्याने निळ्या रंगाने सगळ्या खोल्या आखल्या, आणि कुठे बटण, कुठे पंखा, कुठे देवघराचा दिवा, त्या खुणाही केल्या. आणि एक खूळ त्याचं! जोत्यावर यायचं तर दाराच्या जागेतूनच. मी एकदा गुडघा दुखतो म्हणून जवळ पडेल तिथून चढले तर ओरडला, "आक्का, भिंतीतसून खंय चलतस?" मी म्हटलं, "रे येड्या, भिंत खंय आसा?" तर म्हणाला, "माका दिसता." शेवटी मला उतरवून, वळसा घालून पायऱ्यांनी आणलंन. मागच्या खोलीत एका खुणेवर पाय आपटून म्हणाला, "ही तुझी बाज. बटण हाताजवळ ठेवतलंय, तुका उठूक नको." मी विधवा बाई, शिरोड्यात एकटी राहते, हे त्याच्या मनात. आणि मी काय म्हटलं? "पयली भिंत तर घाल!"

त्याच सुमाराला प्राचीचं लग्न ठरलं. मुलाकडची माणसं साधी. प्राचीने स्वतःच सुचवलं, देवळात पन्नास माणसांत लग्न करू, बाबांचं घर होऊ दे. मुलगाही कबूल. दत्ता खुशीत शिरोड्याला आला, मला विचारायला. विचारायला कसला, आशीर्वाद घ्यायला. आणि मी भडकले. "एकुलता एक चेडू, आणि देवळात गुपचूप लगीन? लोक काय म्हणतले? चेडवाचा पाऊल वाकडा पडला, म्हणान घायघाय केल्यानी!" तो म्हणाला, "आक्का, दोनय होवचा नाय. एकच काय ता होतला." त्यावर मी जे बोलले ते आता रोज कानात वाजतं. "घर काय पळान जाता रे? चिरे मागसून चढतले. लगीन एकदाच होता." तो अर्धा चहा तसाच ठेवून उठला. आमची आई लवकर गेली, मीच त्याला वाढवला. माझा शब्द त्याने कधी मोडला नाही... मोडायला हवा होता मेल्याने, एकदा तरी!

चिरे रद्द झाले. लग्न दणक्यात झालं. फक्त एकाच गोष्टीला तो अडून बसला. हॉल नको. "माझा चेडू माझ्या घरासून जातला." घर कुठाय म्हटलं तर जोत्यावरच मांडव घातलान. निळ्या रेघांवर गालिचे. काजूच्या सावलीत पंगती, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भजी, सोलकढी, शेवयांची खीर. अख्खा गाव जेवला. मी पाटल्या घालून मिरवत होते. खोटं कशाला बोलू, तो दिवस वाईट नव्हता. दत्ता व्याह्यांबरोबर नाचला, शुभा लाजून लाल झाली. त्या लग्नाला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि बरोबर म्हणायलाही रेटत नाही. पाठवणीच्या वेळी त्याने तो उंबरठा पायऱ्यांच्या वर नेऊन ठेवला. प्राची तो ओलांडून गेली. मांडव रिकामा झाल्यावर दत्ता त्याच उंबरठ्यावर बसून राहिला. मला म्हणाला, "झाला ना तुझ्या मनासारखा? आता चिरे." आवाजात एवढासुद्धा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

चिरे आलेच नाहीत. भाव चढत गेले, कामं कधी असत, कधी नसत. दोन पावसाळे गेले. उंबरठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून भाड्याच्या खोलीत खाटेखाली ठेवला होता. दर रविवारी दत्ता जोत्यावर जाऊन चिऱ्यांच्या फटीतलं गवत उपटायचा आणि पुसट झालेल्या निळ्या खुणा पुन्हा रंगवायचा. शुभा हसायची. मी फोनवर म्हणायचे, "गवत उपटून घर होता काय रे?"

त्या दिवशी त्याला गाडीतून उतरवला तेव्हा माणसांनी सोयीचं म्हणून बाजूनेच जोत्यावर चढवायला उचलला. आणि प्राची किंचाळली. "भिंतीतसून नको! दारातसून!" माणसं जिथल्या तिथे थबकली. कुणाला काही कळेना. मला कळलं. मग त्याला वळसा घालून पायऱ्यांनी वर नेला आणि पुढच्या खोलीच्या निळ्या चौकटीत ठेवला.

त्याला पोचवून आल्यावर दिवाही तिथेच लावला. दहा दिवस आम्ही तिघी पाळीपाळीने दिव्याजवळ बसलो, समुद्राचा वारा त्याला टिकू देईना. शेवटी तीन बाजूंना मागून आणलेले चिरे रचून वर पत्रा घातला. त्या जोत्यावर चढलेले पहिले चिरे ते. माझ्या पाटल्या आता माझ्या हातात नाहीत. कुठे गेल्या ते विचारू नका. पाऊस सरला की भिंती चढतील. शुभाला घर होईल. दत्ताला त्याचं आता काय, हे मी स्वतःला विचारत नाही, विचारलं तर झोप लागत नाही.

तेराव्याला प्राचीने उंबरठा खाटेखालून काढून आणला आणि पायऱ्यांच्या वर ठेवला. माणसं जेवून गेली होती. मी काजूखाली पानं गोळा करत होते. ती वरून म्हणाली, "आते, ये गो घरात." मी होते तिथून जोतं दोन पावलांवर होतं, आणि गुडघा ठणकत होता. पाय उचलला आणि खाली ठेवला. मग पूर्ण वळसा घातला, तीन पायऱ्या चढले आणि उंबरठ्यापाशी थांबले. आत निळ्या रेघा ताज्या होत्या, आदल्याच रविवारी रंगवल्यासारख्या. "दत्ता, इलंय रे," म्हटलं, आणि दारातून आत गेले.