मामांच्या नावाचा पुकारा

भंडाऱ्याचं जुनं कोर्ट इंग्रजांनी न्यायदानासाठी बांधलं, असा लोकांचा समज आहे. माझ्या थोरल्या मामांच्या मते ते त्यांना बसायला बांधलं होतं. भिंतींचा चुना आपल्या आज्यानं मळला, तेव्हा मागच्या बाकावर आपला वारसाहक्कच, असं ते सांगत. आणीबाणी उठल्यानंतरच्या त्या वर्षांत ते रोज कारध्याहून सायकलनं वैनगंगेचा पूल ओलांडून येत, डबा बाकाखाली सरकवत आणि स्वतःची कसलीही केस नसताना संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्या भानगडी ऐकत. घरची धानाची शेती धाकटे मामा बघायचे.

गाजलेले खटले तर मामांना तोंडपाठ. राज्याच्या सीमेकडच्या एका खुनाच्या खटल्याला एवढी गर्दी, की वकिलांनाच आत शिरता येईना. मामा मात्र सकाळी झाडूवाल्याबरोबरच आत. तो खटला सांगताना ते सरकारी वकील होत, आरोपीही होत, आणि निकालापाशी आले की मेलेल्याच्या बायकोसाठी रडत अन् फाशीची शिक्षा झालेल्याच्या आईसाठीही. आमच्या जेवणाचा हमखास विचका व्हायचा. पण त्यांना सर्वांत सोसत नसे तो वाया गेलेला पुकारा. शिपायानं व्हरांड्यातून तीनदा नाव पुकारूनही दावा लावणारा आला नाही, तर दावा खारीज. मग मामा धोतर सावरत चहाच्या टपरीकडे धावत. "काहून बे, इथं भजे खाऊन राहिला? तुह्या नावाचा पुकारा झाला ना!"

पुढे धाकट्या मामांनी सगळी शेती आपल्या नावावर करून घेतली आणि थोरल्यांचा हिस्साच नाही म्हणाले. थोरल्या मामीला दोन मुली उजवायच्या होत्या. तिच्या हट्टापायी मामांनी दावा लावला. धाकट्या मामांच्या साक्षीच्या दिवशी मी थोरल्या मामा-मामींसोबत कोर्टासमोरच्या चिंचेखाली बसलो होतो. वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. मामांच्या नावाचा पुकारा झाला. मामा हलले नाहीत. दुसरा झाला. मी उठू लागलो, तर त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. तिसराही झाला.

"दुनियेले ओढून आणता, अन् आपल्या नावाले ओ नाही?" मामी रडू लागली.

"शपथ घेऊन खोटं बोलनारे लय पायले मी," मामा म्हणाले. "पन त्याले कसा पाहू? खांद्यावर बसवून तलाव दाखवला मी त्याले."

दावा खारीज झाला. मुलींची लग्नं मामीच्या भावानं कशीबशी लावली. मामीनं मामांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि तिचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. मामा मात्र दुसऱ्या दिवशीही डबा घेऊन कोर्टात हजर होते.

ते गेल्यावर एकदा मी प्रतिज्ञापत्रासाठी तिथे गेलो होतो. शिपायानं कुणाचं तरी नाव पुकारलं. कोणी येईना. त्यानं पुन्हा पुकारलं, आणि सवयीनं मागच्या बाकाकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाक रिकामा होता. मग मीच उठलो आणि टपरीकडे धावलो.